न वाचता केलेली सही

बस. पेढ्यांचा पुडा आधी बाजूला ठेव. ज्या कागदाच्या आनंदात तू गावभर पेढे वाटत फिरतोयस, तो कागद मी काल रात्री तीनदा वाचला. तू एकदाही वाचलेला नाहीस. हे मी अंदाजानं म्हणत नाही. दुसऱ्या पानावर पुस्तकाचं जे नाव छापलंय ते तुझ्या कादंबरीचं नाहीच. दुसऱ्या कुणा लेखकाच्या करारातलं नाव तिथं तसंच राहून गेलंय, आणि त्याच्याखाली तुझी सही आहे, तारखेसकट. तुझं ते अक्षर मी सातवीत रोज दहा ओळी लिहून घेऊन वळवलं होतं. ते असल्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आपलं गाव धरणाचं. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. ही धरणं होत होती तेव्हा माझ्या वडिलांनी जमिनीच्या कागदावर अंगठा उठवला. त्यांना वाचता येत नव्हतं. कागदात काय आहे ते त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, त्यानं सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवला. त्या अंगठ्याबद्दल मी त्यांना जन्मात कधी बोल लावला नाही. तू एम.ए. मराठी आहेस. नेटची परीक्षा दोनदा दिलीस. वरून तुझी कादंबरी याच धरणाखाली गेलेल्या जमिनींवर आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणात तुझा आजोबा न वाचता अंगठा देतो आणि तू पाच पानं हळहळतोस. ती पाच पानं लिहून झाल्यावर तू स्वतः काय केलंस?

आता कागद उघड. मोठ्यानं वाच. कलम चार. ‘लेखकाने प्रकाशन-सहभाग म्हणून ६५ हजार रुपये भरावेत.’ त्यातले २५ हजार तू भरलेस. वसमतच्या बाजारात तुझ्या वडिलांनी हळद घातली, तिचे पैसे. खाली फोड दिलीय. आयएसबीएन शुल्क साडेतीन हजार. अरे, आपल्या देशात आयएसबीएन क्रमांक फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, ती एक रुपया घेत नाही. पुढं कॉपीराइट नोंदणी पाच हजार. नोंदणी सक्तीची नाही, तू ओळ लिहिलीस त्या क्षणी तिचा हक्क तुझा झाला. नोंदणी करायचीच तर साहित्यकृतीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. पुढं ‘राज्यस्तरीय पुरस्कार व सन्मानचिन्ह’ सहा हजार. हे वाचताना तुला लाज वाटली नाही? ज्याचं बिल आपण भरतो, तो पुरस्कार कसला?

पण पैशाचं दुःख मला कमी आहे. हळद पुन्हा पिकेल. कलम सात वाच. ‘लेखक या साहित्यकृतीचे सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी देत आहे.’ या एका वाक्यात तू काय काय दिलंस ते कळतंय का? हिंदी, कन्नड, इंग्रजी अनुवाद दिलास. ऑडिओ दिलं, नाटक दिलं, सिनेमा दिला. माझी पहिलीच कादंबरी, तिचा सिनेमा कोण काढतो, असं म्हणू नकोस. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौजेनं काढली. लहानशी कादंबरी, कोवळ्या वयात लिहिलेली. २०१३ साली जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली आणि २०२२ साली लेखकानंच तिचा चित्रपट केला. सोळा वर्षं एका पुस्तकाला फांद्या फुटत राहिल्या. मुळाचा कागद पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या नावे झाला असता तर त्या फांद्या कुणाच्या झाल्या असत्या?

१९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातलं एकोणिसावं कलम लेखकाला तोंडपाठ पाहिजे, पसायदानासारखं. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशापुरते, आणि रॉयल्टी किती, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. हक्क घेऊन वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. बघ, कायदा करणाऱ्यांनी तुझ्यासारख्या निष्काळजी लेखकाचीही किती काळजी घेतली होती. आणि तू ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाखाली सही करून ते दार स्वतःच्या हातानं लावून घेतलंस. करार पाठवणाऱ्यांची सही अजून झालेली नाही म्हणून तू निर्धास्त आहेस, असं काल म्हणालास. कायद्याला हक्क देणाऱ्याची सही लागते. देणारा तू आहेस.

आणि रॉयल्टी? सगळा कागद चाळ. आकडा कुठंच नाही. ‘विक्रीनुसार योग्य मानधन.’ योग्य म्हणजे किती? मराठीत रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, कुणाला थोडी कमी, नावाजलेल्याला जास्त. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब द्यायचा असतो. किती प्रतींची आवृत्ती छापली ते पुस्तकावर नसलं तरी करारात असावं लागतं. पुढची आवृत्ती काढताना लेखकाला कळवावं लागतं. पुस्तक संपलं आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा काढलं नाही तर हक्क परत, हे लिहून घ्यायचं असतं. यातलं एकही वाक्य इथं नाही. तू विचारलंही नाहीस. का, तर विचारलं तर त्यांचा मूड जाईल. वा रे लेखक!

‘सर, इंग्रजीसारखे आता मराठीतही लिटररी एजंट आलेत,’ असं तू या करारवाल्यांबद्दल फोनवर सांगत होतास. एजंट म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या माणसानं हा धंदा उभा केला. लेखकाचं पुस्तक प्रकाशकाकडे न्यायचं, किंमत ठरवायची, कागद तपासायचा, आणि लेखकाला जे मिळेल त्यातले दहा टक्के घ्यायचे. आज ते साधारण पंधरा टक्के झालेत. सगळ्याचं मर्म ‘लेखकाला जे मिळेल त्यातले’ एवढ्यात आहे. लेखकाला काही मिळालं नाही तर एजंटालाही काही नाही. म्हणून तो लेखकाच्या बाजूनं भांडतो. अरुंधती रॉय यांचं हस्तलिखित वाचून डेव्हिड गॉडविन हा एजंट लंडनहून विमानानं दिल्लीला आला. त्याच कादंबरीला १९९७ साली बुकर मिळालं. ही गोष्ट तू चार ठिकाणी सांगत असतोस. त्या गोष्टीत गॉडविननं रॉयबाईंकडं प्रकाशन-सहभाग मागितल्याचं कुठं ऐकलंस का? जो आधी तुझ्याकडून पैसे घेतो त्याची कमाई तिथंच झाली. पुढं पुस्तक विकलं काय आणि गठ्ठ्यात पडलं काय, त्याला सारखंच.

मराठीत एजंट का उभे राहिले नाहीत, हा हिशेब तू करायला हवा होतास. हा खडू घे. तीनशे रुपयांची कादंबरी. हजार प्रतींची आवृत्ती. दहा टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. सगळ्या हजार प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार. त्याचे पंधरा टक्के काढ. साडेचार हजार. आणि ती आवृत्ती संपायला दोन-तीन वर्षं लागली तर? एवढ्यावर कोणता माणूस दुकान मांडून बसेल? भारतात एजंट आहेत, जयपूरची ‘सियाही’ आहे, ‘रायटर्स साइड’ आहे. त्यांचं मुख्य काम इंग्रजीतलं, आणि अनुवादाच्या हक्कांचं. तुझं पुस्तक मराठीत नीट निघालं, चार जाणत्यांनी वाचलं, कुणा चांगल्या अनुवादकाला ते करावंसं वाटलं, तर ते दार तुझ्यासाठी उघडेल. त्यासाठी अनुवादाचे हक्क तुझ्या हातात शिल्लक पाहिजेत. कलम सात पुन्हा वाच.

मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये कुणी नसतो, हे तुला उणं वाटतं. मला ती आपली मिळकत वाटते. रा. ज. देशमुखांनी १९६३ साली ‘कोसला’ काढली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीतले होते, नावावर एकही कादंबरी नव्हती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’त किती नव्या लेखकांची हस्तलिखितं ओळ न् ओळ वाचली, परत पाठवली, पुन्हा लिहायला लावली. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कितीतरी लिहित्या माणसांना आपलं टपाल थांबल्यासारखं वाटलं. त्या टपालात नकार यायचे. पण वाचून दिलेला नकार यायचा. तुला ज्यांनी ‘अप्रतिम, कालजयी’ म्हणून अठ्ठेचाळीस तासांत होकार दिला, त्यांनी एक पानही वाचलेलं नाही. वाचलं असतं तर एकविसाव्या पानावर मेलेली म्हातारी छप्पन्नाव्या पानावर भाकरी थापताना त्यांना दिसली असती.

आता त्या कादंबरीबद्दल. मला इथंच खरा राग आहे.

धरणावर लिहितोस. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचलीस? नाही. तिला १९९२ साली साहित्य अकादमी मिळालं, हे तू नेटच्या परीक्षेसाठी पाठ केलंस, पण पुस्तक उघडलं नाहीस. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’? नाव ऐकलंयस, कारण २०२३ चा अकादमी पुरस्कार तिला होता. धरणानं उठवलेल्या माणसांवर मराठीत काय लिहून झालंय ते ठाऊक नसताना तू ‘या विषयावरील मराठीतील पहिलीच कादंबरी’ असं पत्रात लिहून अकरा प्रकाशकांना पाठवलंस. त्यातल्या ज्या संपादकानं हे वाचलं असेल, त्यानं पुढचं पान उलटायचं कारणच काय? आणि त्या अकरांत दोघं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणारे होते. एक पाककृतींची. कोण काय काढतं, हे न बघता तू पत्ते गोळा केलेस. ज्याच्या यादीतली चार पुस्तकं आपण वाचलेली नाहीत त्याच्या दारात आपलं पुस्तक घेऊन उभं राहणं हा त्याचा अपमान आहे आणि आपलाही.

तुझ्या पुस्तकातली आई मुलाला म्हणते, ‘अरे, किती उशीर केलास!’ ही कुठली आई? आपल्याकडं ती ‘कव्हा आलास, लेकरा?’ म्हणेल. तुझ्या घरात रोज म्हणते. ते शब्द कानात असताना तू दूरदर्शनच्या मालिकेतली आई आणून चुलीपुढं बसवलीस, कारण शहरातल्या संपादकाला आपली बोली चालणार नाही अशी तुला भीती. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्याकडं बघ. शिलाईकाम करणारा माणूस. ‘उसवण’ लिहिली ती शिंप्याच्या जगण्यावर, मशीनच्या आवाजासकट. ज्या देशमुख आणि कंपनीनं ‘कोसला’ काढली होती त्याच घरानं ती काढली, आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. त्याच्याआधी २०१८ साली जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला मिळाला होता. यांच्यासाठी कुणी एजंट आला नव्हता. आणि हेही ध्यानात घे, मराठवाड्यातल्या शिंप्याच्या घरावर रा. रं. बोराडे सरांनी १९७१ सालीच ‘पाचोळा’ लिहून ठेवली होती. ती असताना ‘उसवण’ला आपली वेगळी जागा मिळवावी लागली. तुलाही ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ असताना जागा मिळवावी लागेल. डोळे झाकून घेतल्यानं ती पुस्तकं नाहीशी होत नाहीत.

दारं उघडल्यावर पाणी ‘खळखळ वाहू लागलं’ असं तू लिहिलंस. खळखळ ओढा वाहतो. सिद्धेश्वरची दारं उघडतात तेव्हा काय होतं, ते तुझ्या लहानपणी आपण सगळी शाळा घेऊन बघायला गेलो होतो. तू माझा हात धरला होतास. पायाखालची जमीन कापायला लागली म्हणून. ते कुठं आहे पुस्तकात? आणि हेही तुला शाळेतच शिकवलं होतं की येलदरी पाणी साठवतं, आणि सिद्धेश्वर ते अडवून कालव्यात सोडतं, म्हणून खाली वसमत-परभणीकडची शिवारं भिजतात. प्रकाशकाचं काम सिद्धेश्वरचं आहे. वरून आलेलं पाणी तो वाटेला लावतो. वर येलदरीतच गाळ असेल तर खालच्या दारांशी भांडून कालवा भरत नाही.

स्वतःच्या पैशानं पुस्तक काढण्यात पाप नाही. मराठीत पुष्कळांनी काढलंय. पण ते सरळ असावं. छापखान्यात जायचं, फर्म्याचा दर विचारायचा, कागद बघायचा, प्रुफं स्वतः तपासायची, सगळ्या प्रती आपल्या घरी आणायच्या, सगळे हक्क आपल्याकडं ठेवायचे. तिथं आपण छापणाऱ्याला मजुरी देतो, एवढंच. इथं तू मजुरीही दिलीस आणि शेतही लिहून दिलंस. मी हे ऐकीव सांगत नाही. १९८७ साली माझ्या कवितांचं पुस्तक एकानं असंच काढलं. तीन पगार गेले. प्रती पाचशे ठरल्या होत्या, हातात दीडशे पडल्या. बाकीच्या छापल्या की नाही ते आजवर कळलं नाही, कारण कागदावर काहीच लिहून घेतलं नव्हतं. ती गोष्ट मी तुला अकरावीत सांगितली होती.

आणि पहिलं पुस्तक एकदाच असतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकासाठी आहे ती. मंडळ जाणकारांकडून हस्तलिखित तपासून घेतं आणि पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान देतं. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार वेगळा ठेवलाय. म्हणजे नवख्या माणसासाठी सरकारनंही एक पायरी बांधून ठेवलीय. चुकांनी भरलेलं, कुणी संपादन न केलेलं पुस्तक तीस दिवसांत छापून घेतलंस की ती पायरी वापरून झाली. पुन्हा ‘पहिलं पुस्तक’ कुठून आणशील?

मान वर कर. रडू नकोस, वही काढ.

दिवाळीपर्यंत कादंबरी कुणालाही पाठवायची नाही. ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ माझ्या कपाटात आहेत, जाताना ने. त्यानंतर पहिल्या पानापासून लिहायला बस. नुसती दुरुस्ती नको, पुन्हा लिही. लिहून झाल्यावर एक प्रकरण सुटी कथा म्हणून उभं राहतंय का बघ आणि मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ला किंवा एखाद्या चांगल्या दिवाळी अंकाला पाठव. अनोळखी संपादक तुझ्या वाक्यांना कसा हात लावतो ते तुला एकदा बघायला हवं. मग तीनच प्रकाशक निवड, ज्यांची पुस्तकं तू वाचली आहेस असे. पत्र एका पानाचं. कादंबरी कशावर आहे, किती शब्दांची आहे, तू कोण, आणि त्यांच्याकडंच का पाठवतोयस. ‘इतिहास घडवेल’ हे त्यात लिहिलंस तर माझ्या घरी येऊ नकोस. सोबत दोन पानांचा गोषवारा, शेवटासकट, आणि पहिली तीन प्रकरणं. युनिकोडमध्ये टाईप केलेली, पानांना क्रमांक घातलेली. श्रीलिपीची फाईल पाठवतोस आणि त्यांच्या संगणकावर नुसते चौकोन उमटतात. व्हॉट्सअॅपवर चारशे पानं कुणी वाचत नाही. सहा महिने थांबायचं. मध्ये एकदा नम्रपणे आठवण द्यायची. नकारात कारण लिहिलेलं असेल तर ते पत्र जपून ठेवायचं, त्या माणसानं तुझ्यावर दोन दिवस खर्च केलेत. होकार आला तर करार इथं घेऊन यायचा. आपण दोघं मिळून वाचू, मोठ्यानं.

हे झालं पुढचं. आजचं काम वेगळं. उरलेले चाळीस हजार द्यायचे नाहीत, फोन कितीही आले तरी. फोनवर बोलायचंही नाही, जे काय ते लेखी. उद्या सकाळच्या गाडीनं कागद घेऊन हिंगोलीला वकिलाकडं जा आणि दुसऱ्या पानावरचं ते चुकलेलं नाव त्यांना सगळ्यांत आधी दाखव. कोणत्या कृतीचे हक्क दिले हेच ज्या करारात धड लिहिलेलं नाही, त्याला धरून काही करता येतं का ते विचार. ते काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण त्यांच्याकडं जाताना आपलं पत्र तयार पाहिजे, म्हणजे त्यांनी होय म्हटल्याबरोबर स्पीड पोस्टानं निघेल. पोचपावतीसह.

घे, लिही. वर उजवीकडं तारीख. मुक्काम सिद्धेश्वर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. ‘महोदय, आपण पाठवलेल्या करारावर मी सही केली ती तो न वाचता केली.’

थांबलास का? लिही. न वाचता. जोडाक्षर नाही त्यात एकही.